काडीमोडीपासून कोर्टाच्या हुकुमापर्यंत

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी दरवर्षी माझ्याकडून एखादी पाककृती मागितली जाते आणि मीही ती आनंदाने देते. यंदा मात्र मी अध्यक्षीणबाईंना म्हटले, "मला ह्या खेपेला निराळे लिहायचे आहे. सोडचिठ्ठीविषयी." त्या क्षणभर गप्प राहिल्या. मंडळाच्या मंगल प्रसंगी असला विषय! पण मग म्हणाल्या, "लिहा. ज्या घरात हे घडते त्या घरातल्या बाईला विचारायला जागा नसते. तेवढे खरे मात्र लिहा."

मी सातवी शिकलेली बाई. कायद्याची पंडित नव्हे. पण गेली दहा-बारा वर्षे माझ्या थोरल्या बहिणीच्या पाठीमागे कोर्टाच्या पायऱ्या चढताना जे कानावर पडले, आणि पुढे उत्सुकता वाटून ग्रंथालयातून पुस्तके आणून दुपारच्या वेळी जे वाचले, ते आपणापुढे ठेवते. हा इतिहास राजेरजवाड्यांचा नाही. आपल्यासारख्या बायकांना लग्नाच्या बंधनातून सुटण्याची वाट कशी मिळाली आणि सुटताना त्यांच्या पदरात काय पडले, एवढ्याचाच तो आहे.

प्रथम अक्काचा कागद सांगते, कारण सगळे तिथून सुरू झाले.

अक्काचे लग्न १९९२ साली झाले. दाजी साखर कारखान्यात नोकरीला होते. मुलगी झाली, कुरबुरी वाढल्या, आणि १९९८ साली तिला नेसत्या लुगड्यानिशी माहेरी आणून सोडले. वर्षभर निरोप गेले आणि आले. १९९९ च्या उन्हाळ्यात आमच्या सोप्यात घोंगडी अंथरली गेली, दोन्हीकडची पाच शहाणी माणसे बसली आणि वीस रुपयांच्या स्टॅम्पवर फारकत लिहिली गेली. "राजीखुशीने विभक्त होत आहोत. यापुढे एकमेकांवर कसलाही हक्क राहिलेला नाही. पोटगी मागणार नाही." चहा झाला. अक्काला आतून बाहेर बोलावले, बोटाने जागा दाखवली, तिने सही केली आणि ती पुन्हा चुलीपुढे जाऊन बसली. त्या वेळी मी वीस वर्षांची होते. परातीतले कपबश्या विसळणे हेच माझे काम होते. कागदात काय लिहिले आहे हे आम्हां बहिणींना कोणी वाचून दाखवले नाही, आणि आम्हीही विचारले नाही.

तो कागद अक्काच्या ट्रंकेत तेरा वर्षे पडून होता. दाजींनी दुसरे लग्न केले. आम्ही सगळे समजत होतो की अक्का 'सुटली'. गावात मात्र तिला हळदीकुंकवाला कोणी बोलवीत नसे. सवाष्ण म्हणावी तर नवरा नाही, आणि नाही म्हणावी तर नवरा जिवंत!

आता असा कागद आला कुठून? ही चाल जुनी आहे. आपल्याकडे शेतकरी आणि कष्टकरी जातींत पंचांसमोर काडी मोडून नवरा-बायको वेगळे होत. त्यालाच काडीमोड म्हणत. पुढे ती बाई पाट लावून दुसरा संसार थाटू शकत असे. स्वतःला उच्च म्हणवणाऱ्या जातींत मात्र लग्न हे जन्माचे बंधन होते आणि त्यातून बाईला सुटका नव्हती. म्हणजे ज्या बायकांना लोक खालच्या समजत, त्यांच्यापाशी ही एक वाट होती, आणि शालू नेसणारीपाशी नव्हती. हे मला वाचून मोठे नवल वाटले.

परंतु इंग्रजांची कोर्टे आली आणि ती वाटही अरुंद झाली. १८६४ साली मुंबईच्या उच्च न्यायालयाने, पहिल्या नवऱ्याच्या मर्जीविरुद्ध बाईने दुसरा घरोबा करण्याची एका जातीची चाल अनीतीची म्हणून धुडकावून लावली. १८७६ साली त्याच न्यायालयाने सांगितले की लग्न मोडण्याचा किंवा बाईला दुसऱ्या लग्नाची परवानगी देण्याचा जातीचा अधिकार कोर्ट मानणार नाही. बाईची सुटका मग नवऱ्याच्या मर्जीवर राहिली. पुरुषाला मात्र काडीची गरजच नव्हती. तो एक असताना दुसरी करू शकत होता, आणि त्याला कोणी अनीती म्हणत नव्हते.

ह्याच काळातली रखमाबाईंची गोष्ट आपण सर्वांनी वाचावी अशी आहे. १८६४ साली जन्मलेल्या ह्या मुलीचे लग्न अकराव्या वर्षी दादाजी भिकाजी नावाच्या मुलाशी झाले. ती माहेरीच राहिली, आणि तिचे सावत्र वडील डॉक्टर सखाराम अर्जुन ह्यांच्या घरी तिला वाचनाची गोडी लागली. आईने पुनर्विवाह करताना पहिल्या पतीची मालमत्ता ह्या मुलीच्या नावे केलेली होती. म्हणजे भगिनींनो, भांडण नुसते नांदण्याचे नव्हते. बायको घरात आली की तिच्याबरोबर मालमत्ताही येणार होती.

१८८४ साली दादाजींनी दावा लावला की माझी बायको माझ्या स्वाधीन करा. १८८५ साली न्यायमूर्ती पिन्हे ह्यांनी निकाल दिला की लहानपणी, तिच्या समजुतीशिवाय झालेल्या लग्नासाठी आता मोठ्या झालेल्या बाईवर बळजबरी करता येणार नाही. ह्या निकालावर मोठे वादळ उठले. टिळकांच्या पत्रांनीही बाईंच्या विरुद्ध बाजू घेतली. दादाजींनी अपील केले, ते त्यांच्या बाजूने झाले आणि मार्च १८८७ मध्ये दुसऱ्या न्यायाधीशांनी हुकूम केला की एका महिन्यात नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. बाईंनी उत्तर दिले की मी तुरुंगात जाईन.

त्यांना तुरुंगात जावे लागले नाही. १८८८ साली तडजोड झाली. बाईंनी दादाजींना दाव्याच्या खर्चापोटी २००० रुपये दिले आणि दादाजींनी हुकमाची बजावणी सोडून दिली. पैसे बाईने दिले, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे! दादाजींनी दुसरे लग्न केले. रखमाबाईंना मात्र घटस्फोट मिळाला नाही, कारण तो मिळण्याचा कायदाच नव्हता. त्या विलायतेस गेल्या, १८९४ साली डॉक्टर झाल्या, सुरतेस व राजकोटास त्यांनी हजारो बायकांची सेवा केली. १९०४ साली दादाजी वारले तेव्हा ज्या माणसाच्या घरात त्या कधी नांदल्या नाहीत, त्याच्यासाठी त्यांनी विधवेची पांढरी साडी नेसली. बायकोने नांदायला नकार दिला तर तिला तुरुंगात घालण्याची तरतूद १९२३ साली कायद्यातून गेली. नांदण्याचा दावा आजही लावता येतो, पण त्यापायी कोणाला कैद होत नाही.

आपल्या कोल्हापूरकरांना अभिमान वाटावा अशी गोष्ट पुढे आहे. इंग्रजी मुलखात अशी स्थिती असताना शाहू महाराजांनी १९१९ साली आपल्या राज्यात दोन कायदे केले. बायकोला क्रूरपणे वागवणाऱ्याला शिक्षा करण्याचा एक, आणि काडीमोडीला रीतसर वळण लावण्याचा दुसरा. बडोद्यास सयाजीराव महाराजांनी १९३१ साली हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा केला. ह्या दोन्ही संस्थानांत जे झाले ते दिल्लीस होण्यास पुढे कितीतरी वर्षे लागली.

मुंबईचे डॉक्टर गोपाळराव देशमुख हे मध्यवर्ती कायदेमंडळात होते. विधवेला पतीच्या मालमत्तेत हयातीपुरता वाटा देणारा १९३७ चा कायदा त्यांच्या नावाने ओळखला जातो. त्यांनी १९३८ साली घटस्फोटाचे बिल आणले, पण ते तेव्हा मान्य झाले नाही. १९४६ साली मात्र असा कायदा झाला की नवरा छळ करीत असेल, त्याने टाकून दिले असेल, दुसरी बायको केली असेल किंवा ठेवली असेल, तर बाई वेगळी राहून पोटगी मागू शकेल. त्याच वर्षी मुंबई प्रांताने दुसरी बायको करण्यास बंदी केली आणि १९४७ साली हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा केला. त्यात सलग चार वर्षे टाकून दिले असल्यास सुटका मागता येत होती.

ह्याच १९४७ च्या कायद्याखाली चाललेला एक दावा आमच्या वकीलबाईंनी मला समजावून सांगितला, तो सांगितल्यावाचून राहवत नाही. मुंबईच्या एका घरातली सून पतीशी खटका उडाल्यावर १९४७ च्या मे महिन्यात माहेरी गेली. पुढे माहेरची माणसे तिला परत पोचवण्याच्या खटपटीत होती. तेव्हा नवऱ्यानेच तार केली की तिला पाठवू नका. आणि १९५१ साली त्यानेच दावा लावला की बायकोने मला टाकले आहे! खालच्या कोर्टात तो जिंकला, वर हरला, आणि १९५६ साली सर्वोच्च न्यायालयाने बाईच्या बाजूने निकाल कायम केला. न्यायालयाने सांगितले की नुसते घर सोडून जाणे म्हणजे टाकणे नव्हे. संसार कायमचा संपवण्याचा मनातला निश्चय असावा लागतो, तो चार वर्षे टिकावा लागतो, आणि तो दावा लावणाऱ्याने सिद्ध करावा लागतो. पण हेही ध्यानात घ्या की तो खटला त्या तारेवर, पत्रांवर आणि तारखांवर चालला. माहेरी जावे लागले तर का गेलो, कधी गेलो आणि परत येण्याविषयी काय कळवले, ह्याचा कागद बाईने जपून ठेवला पाहिजे.

सबंध देशासाठी एकच कायदा करण्याची खटपट १९४१ सालच्या राव समितीपासून सुरू झाली. डॉक्टर आंबेडकर कायदामंत्री असताना त्यांनी हिंदू कोड बिल कायदेमंडळापुढे आणले. त्यावर केवढा गदारोळ झाला! धर्म बुडाला, घरे मोडली, असे लोक म्हणू लागले. बिल पुढे सरकेना, तेव्हा सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. पुढे त्या बिलाचे तुकडे करून ते मंजूर झाले. १८ मे १९५५ रोजी हिंदू विवाह कायदा आला. एकाच वेळी दोन बायका करणे देशभर गुन्हा ठरला आणि बाईला घटस्फोट मागण्याचा हक्क मिळाला. त्याच वर्षी २५ सप्टेंबरला रखमाबाई वारल्या. जो हक्क त्यांनी विसाव्या वर्षी मागितला तो त्यांच्या मरणाच्या चार महिने आधी आला.

सुरुवातीचा हा कायदा फार आखडता होता. छळ झाला तरी वेगळे राहण्याचा हुकूम मिळे, घटस्फोट नव्हे. १९७६ साली त्यात सुधारणा झाली. छळ आणि टाकून देणे ही घटस्फोटाची कारणे झाली, आणि दोघांच्या संमतीने वेगळे होण्याची सोय झाली. त्यासाठी निदान वर्षभर वेगळे राहिलेले असावे लागते, आणि अर्ज केल्यावर सहा महिने थांबावे लागते. समेटाची आशा नसेल तर हे सहा महिने कोर्ट माफ करू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली म्हटले. कौटुंबिक न्यायालयांचा कायदा १९८४ साली झाला, आणि आपल्या राज्यात पुणे व मुंबई येथे ती १९८९ साली सुरू झाली. ज्या गावी ती नाहीत तिथे दिवाणी न्यायालयात अर्ज द्यावा लागतो.

आपल्या शेजारणी सगळ्या हिंदू नाहीत, म्हणून दोन शब्द. ख्रिस्ती बायकांचा कायदा १८६९ सालचा. नवऱ्याला बायकोचा व्यभिचार एवढे कारण पुरे होते, बायकोला मात्र त्यावर आणखी छळ किंवा असेच दुसरे कारण दाखवावे लागे. ही विषमता २००१ साली गेली. मुसलमान बायकांना कोर्टात जाऊन लग्न मोडून घेण्याचा हक्क १९३९ साली मिळाला. १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाई ह्यांनी सात मुसलमान स्त्रियांचा मोर्चा मुंबईच्या विधानभवनावर नेला. तोंडी तलाक बंद करा, ही त्यांची मागणी. बायका फक्त सात होत्या! एका दमात तीनदा म्हटलेला तलाक सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली रद्दबातल ठरवला आणि २०१९ साली तो गुन्हा झाला.

इथवर सुटकेचा इतिहास झाला. पण मला जे खरे सांगायचे आहे ते पुढेच आहे. सुटकेची वाट कायद्याने हळूहळू रुंद केली. मात्र त्या वाटेवर बाईच्या शिदोरीचे काय, हा प्रश्न नेहमी मागे पडत आला.

पोटगीचेच पाहा. १८९८ च्या फौजदारी संहितेत टाकलेल्या बायकोला महिन्याला जास्तीत जास्त ५० रुपये मिळत. १९२३ साली १०० झाले, १९५५ साली ५००. १९७३ च्या नव्या संहितेत घटस्फोट झालेल्या बाईलाही पोटगी मागता येऊ लागली, पण आकडा ५०० चाच राहिला. महागाई कुठे गेली आणि ५०० रुपये कुठे राहिले! २००१ साली केंद्राने ही मर्यादाच काढून टाकली. आता नवऱ्याची मिळकत आणि बाईची गरज पाहून रक्कम ठरते. १ जुलै २०२४ पासून हीच तरतूद नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या १४४ व्या कलमात आहे.

पण नवऱ्याची मिळकत किती, हे बाईने सांगायचे कसे? आपल्यापैकी कितीजणींना घरातल्या माणसाचा पगार पक्का ठाऊक आहे, मनाशी विचारून पाहा. नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयातून वर गेलेल्या एका प्रकरणात नोव्हेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवून दिले की पोटगीच्या दाव्यात नवरा आणि बायको दोघांनीही आपली मिळकत, मालमत्ता आणि कर्ज प्रतिज्ञापत्रावर लिहून द्यावे, आणि पोटगी अर्ज केल्याच्या तारखेपासून द्यावी. पूर्वी हुकूम कधी होईल त्यावर सारे अवलंबून असे, आणि तोवर बाई थकून जाई.

दुसरी गोष्ट स्त्रीधनाची. लग्नात माहेरून, सासरहून बाईला मिळालेले दागिने, भांडी, वस्तू ह्या तिच्याच मालकीच्या. सासरच्या माणसांकडे ते ठेवायला दिले तर ती नुसती राखणदार असतात, आणि मागूनही देत नसतील तर तो विश्वासघाताचा गुन्हा आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली सांगितले. पण कोर्ट यादी मागते. अक्काची बोरमाळ, चार पाटल्या, कानातले आणि आईने दिलेली पितळेची घागर, ह्यांची यादी कुठेच नव्हती. सोनाराची पावती कोणी ठेवली नव्हती. शेवटी एका लग्नातल्या फोटोत गळ्यात दिसली म्हणून बोरमाळ परत मिळाली. पाटल्यांवर पदर आला होता.

तिसरी गोष्ट छपराची. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याने बाईला राहत्या घरातून हाकलता येत नाही, मग ते घर तिच्या नावावर नसले तरी. परंतु घटस्फोटाने मालमत्तेत वाटा मिळतो काय? आपल्या शेजारच्या गोव्यात पोर्तुगीज काळापासून अशी रीत आहे की दुसरा करार केलेला नसेल तर लग्नाबरोबर दोघांची मालमत्ता सामाईक होते, आणि वेगळे होताना अर्धी अर्धी वाटली जाते. आपल्याकडे तसे नाही. तीस वर्षे संसार करून बाईने घर उभे केले आणि उतारा नवऱ्याच्या नावावर असला, तर तिच्या वाट्याला हक्काने काही येत नाही. न्यायाधीश जी पोटगी किंवा एकरकमी ठोक रक्कम ठरवतील तीच. बायकोला पतीच्या मालमत्तेतून वाटा देऊ पाहणारे एक बिल २०१३ साली राज्यसभेत मंजूर झाले होते. लोकसभेची मुदत संपली आणि २०१४ साली ते बुडाले. शिवाय घटस्फोटाचा हुकूम झाला की पतीच्या वारसांत बाईचे नाव राहत नाही. मुलांचे राहते. म्हणून हुकूम होण्यापूर्वीच सगळे बोलून घेतले पाहिजे. मागाहून बोलणे म्हणजे पंगत उठल्यावर पान मांडणे.

आता अक्काकडे वळते. २०१२ साली तिच्या मुलीला नर्सिंगला घालायचे होते आणि फी भरायला पैसे नव्हते. कोणीतरी वकीलबाईंचे नाव सांगितले. अक्काने ट्रंकेतला तो कागद नेऊन दाखवला. त्यांनी तो उलटसुलट पाहिला आणि म्हणाल्या, "बाई, हा घटस्फोट नव्हेच. तुम्ही अजून त्यांच्या कायदेशीर पत्नी आहात."

अक्का मटकन खाली बसली. जातीच्या रूढीने झालेली काडीमोड १९५५ च्या कायद्यानेही वाचवून ठेवली आहे, पण तशी रूढी जुनी आणि अखंड चालत आलेली आहे हे कोर्टात शाबीत करावे लागते. नुसता स्टॅम्प, नोटरीचा शिक्का आणि पाच सह्या एवढ्याने लग्न मोडत नाही. आणि पोटगी मागणार नाही असे लिहून दिल्याने तो हक्क संपत नाही, असे न्यायालये सांगत आली आहेत. म्हणजे तेरा वर्षे अक्का ज्या कागदाला भीत होती त्या कागदात काही दमच नव्हता!

मला राग आला. मी म्हटले, "आता दाजींना दाखवूया. दुसरे लग्न केले म्हणून फिर्याद लावूया." अक्का म्हणाली, "आणि तिचे काय? तिलाही हाच कागद दाखवून आणली असेल. तिचा काय दोष?" खरेच होते. पहिले लग्न उभे असताना झालेले दुसरे लग्न कायद्याने रद्दबातल. त्या बाईची दोन मुले कायद्याने औरस, पण ती स्वतः मात्र कोणाचीच नाही. एका स्टॅम्पने दोन बायका फसल्या होत्या.

अक्काने फक्त पोटगीचा अर्ज केला. हुकूम २०१३ मध्ये झाला, तिला आणि मुलीला मिळून महिना २५०० रुपये. पण हुकूम मिळणे निराळे आणि पैसे हातात पडणे निराळे. दाजी दोन महिने देत आणि चार महिने चुकवीत. तेव्हा वकीलबाईंनी बजावले की थकलेल्या पोटगीसाठी वर्षाच्या आत अर्ज करा, वर्ष उलटले की ती बाकी वसूल करणे कठीण. अक्काने भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाखाली पोटगीचाही हिशेब लिहायला सुरुवात केली. शेवटी दाजींनाच आपल्या नोकरीच्या कागदांवर दुसऱ्या बाईचे नाव लावण्याची गरज पडली, तेव्हा ते तडजोडीला आले. २०१५ साली संमतीने रीतसर घटस्फोट झाला. चार लाख रुपये ठोक, त्यातले तीन लाख मुलीच्या नावे. ह्या वेळी अक्काने प्रत्येक ओळ वाचून घेतली. वाचेपर्यंत तिने पेन हातात धरले नाही.

आणखी एक गोष्ट आहे. ती माझ्या कमीपणाची आहे, पण खरे लिहायचे कबूल केले आहे. २०१४ साली आबा वारले. भाऊ हक्कसोडपत्र घेऊन आला. "बहिणींनी सही करायची रीतच आहे," तो म्हणाला. वडिलोपार्जित जमिनीत मुलींना वाटा देण्याचा कायदा आपल्या राज्याने १९९४ साली केला होता. त्यात आधी लग्न झालेल्या मुली बसत नव्हत्या. २००५ च्या केंद्राच्या सुधारणेने लग्न झालेल्या मुलींनाही तो हक्क आला. अक्काला वकीलबाईंकडून हे ठाऊक झाले होते. ती म्हणाली, "मला सासर राहिले नाही. माहेरचा तुकडा मी सोडणार नाही." भाऊ रुसला, दोन वर्षे राखीला आला नाही, पण वीस गुंठे तिच्या नावावर झाले. आज ती तिथे भाजीपाला करते आणि स्वतःच्या जमिनीवर बांधलेल्या दोन खोल्यांत राहते. मी मात्र सही केली. माहेर तुटू नये म्हणून केली, आणि न वाचता केली. अक्काच्या पहिल्या कागदाच्या वेळी परात विसळणारी मी, पस्तिसाव्या वर्षीही तशीच होते. त्याचे मला आजही वाईट वाटते.

भगिनींनो, संसार मोडावा असे सांगण्यासाठी मी लिहिलेले नाही. तसे कोणाही आईला वाटत नाही. परंतु ज्या घरी ती वेळ आली आहे तिथे पंच बसण्यापूर्वी बाईने चार गोष्टी हाताशी ठेवाव्यात. लग्नाचा दाखला आणि फोटो, दागिन्यांची यादी व पावत्या, पतीच्या पगाराचा वा शेतीच्या उताऱ्याचा एखादा कागद आणि स्वतःच्या एकटीच्या नावाचे बँकेचे पुस्तक. वकिलाला पैसे नाहीत म्हणून अडून बसू नये. १९८७ च्या कायद्याप्रमाणे बाईला, तिचे उत्पन्न कितीही असले तरी, सरकारी खर्चाने वकील मिळतो. त्यासाठी जिल्ह्याच्या न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणाच्या कचेरीत साधा अर्ज द्यावा. बाईने लावलेल्या पोटगीच्या व घटस्फोटाच्या दाव्यांना आपल्या राज्याने १९९४ पासून कोर्ट फी माफ केलेली आहे.

रखमाबाईंना तुरुंगाची भीती घातली तेव्हा त्यांच्या मागे कायदा नव्हता. आपल्या मागे तो आहे, अपुरा असला तरी आहे. पण तो ट्रंकेत ठेवलेल्या लुगड्यासारखा. उलगडला नाही तर त्याचा उपयोग नाही.

गेल्या संक्रांतीला आपल्या मंडळाच्या हळदीकुंकवाला मी अक्काला घेऊन आले होते, हे आपल्याला आठवत असेल. कोणी काही विचारले नाही. अध्यक्षीणबाईंनी तिला सर्वांबरोबर कुंकू लावले, वाण दिले. वाणाची ती छोटी वही अक्काने घरी नेली आणि तिच्या पहिल्या पानावर भाजीचा हिशेब लिहिला. वर स्वतःचे संपूर्ण नाव घातले आहे. अक्षर तिचेच आहे.